हजेरी, रजा आणि माणुसकी

नोकरदार माणसाला एचआर विभाग पहिल्या दिवशी भेटतो आणि शेवटच्या दिवशीही. ऑफर लेटर, ओळखपत्र, पीएफचे फॉर्म यांनी सुरुवात होते. नोटीस पिरियड, रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलच्या हिशेबाने शेवट होतो. मधल्या वर्षांत पगारवाढ, बदली, बाळंतपणाची रजा, लांबलेले आजारपण, साहेबाविरुद्धची तक्रार अशा ज्या ज्या वेळी माणूस हळवा, चिडलेला किंवा घाबरलेला असतो, नेमक्या त्याच वेळी त्याची गाठ या विभागाशी पडते. माणसे इतक्या जवळून पाहणारा दुसरा विभाग कंपनीत नाही. तरीही एचआरचा माणूस कँटीनमध्ये ताट घेऊन टेबलाशी आला की गप्पांचा विषय बदलतो.

या दुराव्यावर जगभर विनोद झाले आहेत. स्कॉट अ‍ॅडम्स यांच्या 'डिल्बर्ट' या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेत एचआरचा संचालक म्हणून कॅटबर्ट नावाचे एक दुष्ट मांजर आहे आणि कर्मचाऱ्यांना छळणे हा त्याचा आवडता उद्योग. २००५ ते २०१३ या काळात चाललेल्या 'द ऑफिस' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतला टोबी हा एचआरचा माणूस मात्र स्वभावाने गरीब. तरीही शाखेचा साहेब त्याचा उघड राग करतो, कारण साहेबाने काही वेडेवाकडे केले की 'हे नियमात बसत नाही' असे सांगण्याची पाळी टोबीवर येते. एकाच्या हातात भलताच अधिकार, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. प्रत्यक्षातला एचआर अधिकारी या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. पगार त्याला व्यवस्थापन देते, विश्वास मात्र कर्मचाऱ्यांचा मिळवावा लागतो. या पेशातल्या हसण्याचा आणि माणुसकीचा विचार करायचा तो ही अडचणीची जागा ध्यानात ठेवूनच.

हा पेशा जन्मला तो कनवाळूपणातून, हे आज सहसा कोणाला आठवत नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राउंट्री कुटुंबाचा चॉकलेटचा मोठा कारखाना होता. तिथे १८९६ मध्ये मेरी वुड यांची नेमणूक झाली, ती कारखान्यात काम करणाऱ्या मुली-बायकांची काळजी वाहण्यासाठी. पुढे इतर कारखान्यांतही अशा नेमणुका झाल्या आणि १९१३ मध्ये यॉर्कमध्येच या लोकांची संघटना उभी राहिली. ब्रिटनमधल्या एचआर व्यावसायिकांची आजची संस्था ही तिचीच वारस आहे.

मुंबईतली सुरुवात वेगळी आणि जास्त खडतर होती. गिरण्यांमधली भरती जॉबरच्या हातात असे. तो गावाकडून माणसे आणी, प्रसंगी उसने पैसे देई, आणि या सगळ्याच्या बदल्यात दस्तुरी घेई. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला घरी बसवायचे हे त्याच्या मर्जीवर ठरे. कामगारांच्या प्रश्नांवर १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावे, अशी शिफारस केली. मुंबई सरकारने १९३४ मध्ये कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला. कामगारांची गाऱ्हाणी समजून घेऊन ती मांडणे हे त्याचे मुख्य काम होते. गावाहून आलेल्या माणसाचे म्हणणे दस्तुरीवाचून कोणीतरी ऐकून घेणे, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात तर कायद्याच्या कितीतरी आधी बऱ्याच गोष्टी घडल्या. आठ तासांचा दिवस १९१२ पासून, भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड १९२० पासून, बाळंतपणाचा लाभ १९२८ पासून. पीएफचा कायदा देशात आला तो १९५२ मध्ये. अशी कामे करायला शिकलेली माणसे हवीत, म्हणून १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकी गृहस्थ त्याचे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाते. भारतातल्या या पेशाचे शिक्षण समाजकार्याच्या शाळेत सुरू झाले, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर आणि अडीचशेहून अधिक असतील तिथे कँटीन सक्तीचे केले. त्यामुळे कँटीनमधली डाळ पातळ झाली की गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे, हेही ठरून गेले.

मग ही माणुसकी मागे का पडली? पहिले कारण संघर्षाचे. कामगार चळवळी जोरात असताना पर्सनल मॅनेजरचा बराचसा दिवस चार्जशीट, खातेनिहाय चौकशी आणि कोर्टाच्या तारखा यांत जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर मालक आणि कामगार यांच्यातला अविश्वास आणखी खोल गेला. दुसरे कारण संख्येचे आणि वेगाचे. नव्वदीनंतर हिंजवडीसारख्या आयटी पार्कांत माणसे घाऊक प्रमाणात भरली जाऊ लागली. रजेचा अर्ज पोर्टलवर गेला, पगाराची शंका ई-मेलवर. पूर्वी टाइम ऑफिसच्या खिडकीत हजेरीच्या निमित्ताने रोज दोन शब्द होत, तेही थांबले. सोय झाली हे खरे, पण घरी आई आजारी आहे म्हणून तिसऱ्यांदा रजा मागणारा माणूस पोर्टलवर फक्त शिल्लक रजेच्या आकड्यापुरता उरतो. त्याचा आवाज ऐकू आला असता तर वेगळा निर्णय झाला असता, असे प्रसंग प्रत्येक कंपनीत घडतात.

हा कोरडेपणा घालवण्यासाठी कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे फन फ्रायडे. शुक्रवारी चार वाजता संगीतखुर्ची, फुगे, केक. हेतू चांगला असतो. पण हसण्याचा स्वभाव वेगळा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोक प्रत्यक्ष कधी हसतात याच्या १२०० नोंदी केल्या. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचे हसणे त्यांत २० टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकी सगळे हसू 'चल, भेटू', 'कुठे होतास इतके दिवस' अशा साध्यासुध्या बोलण्याभोवतीचे होते. एकटा असताना हसतो त्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसपट जास्त हसतो, असेही त्यांना आढळले. म्हणजे हसू उगवते ते ओळखीतून आणि निर्धास्तपणातून. ज्या टीममध्ये चूक कबूल करायची भीती वाटते, तिथे फुगे लावून हसू येत नाही, आणि जिथे ती भीती नसते तिथे शुक्रवारची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांत अशा निर्धास्त हसण्याच्या जागा पूर्वीपासून आहेत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा लेथवर चढतात आणि एरवी हेल्मेट नसल्याबद्दल रागावणारा अधिकारी त्या दिवशी कामगारांच्या पोरांना पेढे वाटताना दिसतो. पुण्याच्या आयटीवाल्यांची आयटी दिंडी पालख्यांबरोबर चालते; तिथे मॅनेजर आणि ट्रेनी एकाच रांगेत वरणभाताला बसतात. गणपतीच्या रजेचे प्रकरण तर अनुभवी एचआर अधिकाऱ्याची परीक्षाच असते. खात्यातली निम्मी माणसे कोकणातली असली, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लाइन चालवायची कशी? नवखा अधिकारी रजा नाकारणारी नोटीस काढतो आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी एकाच तालुक्यातल्या चौदा जणांना एकदम ताप येतो. जाणता अधिकारी जूनमध्येच यादी मागवतो. रेल्वेची तिकिटे कोणाची झाली आहेत हे विचारतो, घाटावरच्या मंडळींना दिवाळीत झुकते माप देऊन गणपतीत ओव्हरटाइमला राजी करतो, आणि या देवघेवीत दोन्हीकडचे लोक एकमेकांची यथेच्छ थट्टा करतात. रजाही मिळते, कामही होते. परतणाऱ्यांच्या पिशवीतले खाजे कँटीनमध्ये सगळ्यांना पोचते. नियम न मोडता माणसांची कदर करणे म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही.

सगळेच हसणे मात्र भले नसते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या. माणसे जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि इतरांनी हसावे म्हणून स्वतःलाच कमी लेखणारा विनोद. पहिल्या दोन तऱ्हा माणसाला उभारी देतात. उरलेल्या दोन पोखरतात. कचेरीत यांतली कोणती तऱ्हा चालली आहे हे ओळखायला एक साधी कसोटी पुरते: ज्याच्यावर विनोद झाला त्याचे पद हसणाऱ्यांच्या वरचे आहे की खालचे? टाउनहॉलमध्ये संचालकाने स्वतःच्या विसरभोळेपणावर केलेल्या विनोदाने सभागृह सैल होते. त्याच संचालकाने जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या नव्या मुलाच्या इंग्रजी उच्चारांवर विनोद केला, तर लोक हसतातही, पण तो मुलगा पुढच्या बैठकीपासून तोंड उघडत नाही. आडनावावरून जात काढणे, रंग, जाडी, लग्न न होणे, मूल न होणे यांवरच्या कोपरखळ्या हा छळच आहे, आणि एचआरच्या माणसाने तिथे हसण्यात सामील होणे हे कर्तव्यच्युती आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. लैंगिक सूचकता असलेले नकोसे शेरे त्याच्या व्याख्येत नावानिशी येतात. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा आणि चौकशी ९० दिवसांत संपवायला हवी. 'गंमत केली हो' हा या समितीपुढे बचाव होऊ शकत नाही.

विनोद आणि आपुलकी या दोहोंना नोकरभरतीपासूनच जागा देणारी कंपनी म्हणून अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचे नाव घ्यावे लागते. १९७१ मध्ये टेक्सासमध्ये तिची उड्डाणे सुरू झाली. तिचे एक संस्थापक हर्ब केलेहर हे वकील. कौशल्य शिकवता येते, स्वभाव शिकवता येत नाही, या विश्वासाने ते माणसे निवडत. सुरक्षेच्या सूचना हसतखेळत सांगणाऱ्या तिथल्या हवाईसेविका प्रवाशांच्या आवडीच्या झाल्या. १९९२ मध्ये एका घोषवाक्यावरून स्टीव्हन्स एव्हिएशन या छोट्या कंपनीशी वाद झाला, तेव्हा कोर्टात जाण्याऐवजी दोन्ही प्रमुखांनी डॅलसच्या आखाड्यात कर्मचाऱ्यांसमोर पंजा लढवला. केलेहर हरले, सगळे पोटभर हसले, पैसे धर्मादायाला गेले आणि समोरच्या कंपनीने घोषवाक्य वापरायची परवानगीही देऊन टाकली.

या गमतीजमतींमागे कॉलीन बॅरेट यांची शिस्त होती. केलेहर यांच्या वकिली कार्यालयात सेक्रेटरी म्हणून लागलेल्या या बाई २००१ मध्ये कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. कर्मचाऱ्यांच्या घरचे लग्न, बारसे, आजारपण, मृत्यू यांची खबर ठेवून त्या-त्या वेळी पत्र जाईल अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली होती. आपुलकी मनात असून भागत नाही, तिच्यासाठी वही ठेवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर इतर विमान कंपन्यांनी हजारोंना काढले. साउथवेस्टने कोणालाही काढले नाही. याच कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत मात्र सुमारे १७५० जणांची कपात जाहीर केली. तिच्या इतिहासातली ही पहिली मोठी कपात. चांगली परंपराही दर पिढीला नव्याने सांभाळावी लागते.

नोकरकपात ही एचआरच्या माणुसकीची सगळ्यांत कठीण वेळ. डिसेंबर २०२१ मध्ये गृहकर्ज देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ९०० जणांना जेमतेम तीन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढून टाकले. त्याआधी दीड वर्ष, मे २०२० मध्ये, कोरोनाने प्रवास ठप्प केलेला असताना प्रवाशांना राहायला घरे मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीलाही ७५०० पैकी सुमारे १९०० माणसे कमी करावी लागली होती. प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सविस्तर पत्र लिहून निर्णय कसा झाला, कोणते विभाग का कमी होत आहेत, कोणाला काय मिळेल हे सांगितले. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना किमान चौदा आठवड्यांचा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवडा, वर्षभराचा आरोग्यविमा आणि लॅपटॉप मिळाला. नोकरभरती करणाऱ्या टीममधल्या काही जणांना सहकाऱ्यांसाठी बाहेर नोकऱ्या शोधण्याच्या कामाला लावले. नोकरी दोन्हीकडे गेली. फरक पडला तो तयारीचा. निरोप कोण सांगणार, माणसाच्या कोणत्या प्रश्नाला काय उत्तर, पैसे कोणत्या तारखेला, अनुभवाचे पत्र कधी, याचा विचार आधी केला असेल तर समोरच्याचा मान राहतो. अशा दिवशी विनोद वर्ज्यच, आणि 'ही नव्या सुरुवातीची संधी समजा' असले गोड बोलणेही.

काही माणुसकी तर निव्वळ कागदपत्रांत असते. नोकरीत असताना कर्मचारी वारला, तर त्याच्या घरच्यांना काय काय मिळायचे आहे हे बहुधा त्यांना ठाऊकच नसते. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ. हा विमा म्हणजे पीएफशी जोडलेली ईडीएलआय योजना. तिचा हप्ता मालक भरतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापले जात नाही, आणि वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची अट असते. मृत्यू झाला तर ती लागू होत नाही. पंधराव्या दिवसानंतर कधीतरी एचआरचा अधिकारी घरी येतो. भिंतीवर हार घातलेला फोटो, समोर कागदांची पिशवी घेऊन बसलेली पत्नी, आणि बँकेच्या पासबुकात एक नाव तर आधार कार्डावर दुसरे. माहेरचे नाव, सासरचे नाव, स्पेलिंगमधले एक जादा अक्षर. कुठल्या कार्यालयात कोणता दाखला मिळेल हे कागदावर मराठीत लिहून देणे, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून देणे, मुलाची फी कधी भरायची आहे हे विचारून घेणे, एवढेच त्याचे काम. या एवढ्याशा कामाने एखाद्या कुटुंबाचे सहा महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

म्हणून शहाणे एचआर अधिकारी नामांकनाचे काम माणूस हयात असतानाच उरकून घेतात. लग्नाआधी कुटुंबाबाहेरच्या कोणाच्या नावाने केलेले पीएफचे नामांकन लग्नानंतर बाद ठरते, हे कित्येकांना माहीत नसते. मरणाचा विषय निघाला की माणसे टाळाटाळ करतात. इथे थोडी थट्टा उपयोगी पडते. पगाराच्या दिवशी कँटीनच्या दाराशी टेबल मांडून बसलेला अधिकारी 'पाटील, वहिनींचं नाव अजून घातलेलं नाही. त्यांना कळवू का?' असे म्हणतो, मागच्या रांगेत हशा पिकतो आणि पाटील मुकाट्याने फॉर्म भरतात. 'मयताचे वारस' या शब्दांनी जे काम वर्षभर अडले होते, ते जेवणाच्या सुट्टीत होऊन जाते.

हे सगळे करणाऱ्या माणसांचेही एक दुखणे आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, पगारासाठी चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणे हेदेखील श्रमच असतात. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर फ्रॉस्ट आणि सँड्रा रॉबिन्सन यांनी १९९९ मध्ये संस्थेतले दुःख आणि राग स्वतःकडे ओढून घेणाऱ्या माणसांविषयी लिहिले. अशी माणसे संस्थेला सावरतात आणि स्वतः आजारी पडतात, हे त्यांचे निरीक्षण. एचआरमधल्या मुली-मुलांना सकाळी वाढदिवसाचा केक कापावा लागतो आणि दुपारी कोणाला तरी कामावरून कमी केल्याचे सांगावे लागते. ऐकलेले घरी सांगता येत नाही, कारण ते गोपनीय असते. त्यांचा आधार एकमेकांचाच. दार लोटून आपसात केलेले चार विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत बसायचे बळ देतात. त्या विनोदांत कोणाचे नाव, कोणाचे दुखणे मात्र येता कामा नये.

वाचकांपैकी जे नोकरीत आहेत त्यांनी या आठवड्यात एक काम करावे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कंपनीच्या विम्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते एचआरकडे जाऊन पाहून यावे. पीएफचे ई-नामांकन भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर घरबसल्याही करता येते. आणि टेबलापलीकडच्या माणसाला 'तुमचं कसं चाललंय?' असे जरूर विचारावे. हा प्रश्न तो दिवसभर दुसऱ्यांना विचारत असतो.